शेक, जुलाब आणि प्रोबायोटिकची पुडी

ओटीपोटावर शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाले की पहिला आठवडा बहुधा बरा जातो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोटात मुरडा येऊ लागतो, दिवसातून चार-पाच वेळा पातळ संडास होते, खाल्लेले अंगी लागत नाही आणि घरच्यांचा धीर सुटू लागतो. जालन्यात मस्तगड भागातल्या एखाद्या घरात असे दुखणे आले की सल्ल्यांना तोटा नसतो. शेजारीण ताक द्यायला सांगते, मेडिकलवाला प्रोबायोटिकच्या कॅप्सूल पुढे करतो आणि मोबाइलवर फिरत आलेला संदेश सांगतो की आतड्यातले चांगले जीवाणू वाढवले की किमोसुद्धा बाधत नाही. यातले काय खरे मानायचे? माझे म्हणणे थोडक्यात असे: प्रोबायोटिक हे काही रुग्णांना, काही उपचारांत, काही काळापुरते उपयोगी पडणारे साधन आहे. ते औषधासारखे, म्हणजे नाव, मात्रा आणि वेळ ठरवून, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. पोटाला चांगले असते म्हणून कुणीही कधीही घ्यावे, इतके ते निरुपद्रवी नाही आणि इतके गुणकारीही नाही.

आधी जुलाब का होतात ते पाहू, कारण उपाय कारणावर ठरतो. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी दर काही दिवसांनी झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. भराभर वाढणाऱ्या पेशी मारणे हेच किमोचे आणि शेकाचे काम. कर्करोगाच्या पेशींबरोबर आतड्याच्या या पेशीही त्यात सापडतात. अस्तर विरळ झाले की अन्न आणि पाणी नीट शोषले जात नाही, पित्ताचे क्षार मोठ्या आतड्यात उतरून तिथे दाह करतात आणि आतड्यात राहणाऱ्या जीवाणूंची घडी विस्कटते. त्यात तापासाठी प्रतिजैविके दिली गेली तर ही घडी आणखी मोडते. बाहेरून योग्य जीवाणू दिले तर ते उपद्रवी जीवाणूंची जागा अडवतील, अस्तराला पोषक आम्ले तयार करतील आणि दाह कमी करतील, असा प्रोबायोटिकमागचा विचार आहे. विचार पटण्यासारखा आहे. पण वैद्यकात पटणाऱ्या विचाराला प्रयोगाची कसोटी लागते, आणि ती कसोटी इथे झालेली आहे.

सर्वांत आशादायक पुरावा ओटीपोटावरच्या शेकाचा आहे. मराठवाड्याला तो विशेष लागू पडतो, कारण गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्याकडच्या बायकांना नवा नाही. त्याच्या तपासणीने मृत्यू टळतात का, हे पाहणारा १,३१,७४६ महिलांचा अभ्यास आपल्याच धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. या रोगात बहुतेकींना शेक घ्यावेच लागतात. इटलीत ४९० रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठ जातींच्या जीवाणूंचे मिश्रण घेणाऱ्यांपैकी ३१.६ टक्के रुग्णांना शेकामुळे जुलाब झाले. नुसती भुकटी घेणाऱ्यांत हे प्रमाण ५१.८ टक्के होते. थायलंडमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शेक आणि सिस्प्लॅटिन ही किमो घेणाऱ्या ६३ महिलांवर २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग लहान होता, पण फरक ठळक होता: मध्यम ते तीव्र जुलाब जीवाणू न घेणाऱ्या गटात ४५ टक्के, तर लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम बायफिडम घेणाऱ्या गटात ९ टक्के. त्या महिलांना जीवाणू शेकाच्या एक आठवडा आधीपासून सुरू केले होते, हे इथे लक्षात ठेवायला हवे. जुलाब लागल्यावर धावत जाऊन आणलेल्या पुडीचा हा पुरावा नव्हे. अशा प्रयोगांच्या आधारावर कर्करोगाच्या सहायक उपचारांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंघटनेने ओटीपोटावर शेक घेणाऱ्यांत जुलाब टाळण्यासाठी लॅक्टोबॅसिलस असलेले प्रोबायोटिक सुचवले आहे. सुचवले आहे, बंधनकारक केलेले नाही.

असे का, याचे उत्तर दुसऱ्या बाजूच्या प्रयोगांत आहे. स्पेनमध्ये ८५ महिलांना लॅक्टोबॅसिलस केसाय असलेले आंबवलेले दूध दिले, तेव्हा जुलाबाचे औषध लागण्याचे प्रमाण कमी झाले नाही; फक्त शौच थोडी घट्ट झाली. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये १२ प्रयोग आणि १५५४ रुग्ण एकत्र तपासले. शेकामुळे होणाऱ्या जुलाबावर फायदा दिसतो, पण पुराव्याची खात्री कमी आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. प्रयोग लहान होते, प्रत्येकात वेगळा जीवाणू आणि वेगळी मात्रा होती आणि बहुतेक प्रयोग जुलाब टाळण्याचे होते. लागलेले जुलाब थांबवण्याचा पुरावा फारच थोडा आहे. यातून रुग्णाने घ्यायची गोष्ट सरळ आहे. एका जातीचा गुण दुसरीच्या नावावर जमा होत नाही. लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी या वाणावर झालेला प्रयोग दुकानातल्या बॅसिलस क्लॉसीच्या कुपीला लागू पडत नाही. आपल्याकडे जुलाब म्हटले की ही कुपी सर्रास दिली जाते. पण वर सांगितलेल्या प्रयोगांतल्या एकाही रुग्णाला ती दिलेली नव्हती.

किमोच्या जुलाबाचे चित्र आणखी अंधुक आहे. फिनलंडमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी फाइव्ह-एफयू घेणाऱ्या १५० रुग्णांत रॅम्नोसस जीजी घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांना तीव्र जुलाब झाले, न घेणाऱ्यांपैकी ३७ टक्क्यांना. पण किमोची सगळी औषधे फाइव्ह-एफयूसारखी वागत नाहीत. इरिनोटेकान घ्या. यकृत या औषधाचा जहाल अंश साखरेच्या एका रेणूशी बांधून निरुपद्रवी करते आणि पित्तातून आतड्यात सोडते. आतड्यातल्या काही जीवाणूंकडे ती गाठ सोडवणारे विकर असते. गाठ सुटली की तोच जहाल अंश आतड्याच्या अस्तरावर पुन्हा मोकळा होतो. म्हणून इरिनोटेकाननंतर काही दिवसांनी लागणारे जुलाब जोराचे असतात. ते घरी अंगावर काढायचे नसतात. उलटीवरचे ऑन्डान्सेट्रॉन, वेदनेवरचे मॉर्फिन किंवा किमोचे व्हिन्क्रिस्टिन यांमुळे तर उलट मलावरोध होतो आणि त्याचा उपाय वेगळा आहे. इम्युनोथेरपी घेणाऱ्यांनी तर अधिकच सावध असावे. तिथे जुलाब म्हणजे शरीराच्या संरक्षण-यंत्रणेने आतड्यावरच केलेला हल्ला असू शकतो आणि त्याला वेळेवर स्टेरॉइड लागते. पुड्या घेत आठवडाभर वाट पाहणे तिथे महागात पडते. शिवाय २०२१ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात इम्युनोथेरपी घेणाऱ्या, मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग असलेल्या रुग्णांत तंतुमय आहार घेणाऱ्यांची प्रकृती अधिक चांगली राहिलेली दिसली. दुकानातले प्रोबायोटिक घेणाऱ्यांना मात्र तसा फायदा दिसला नाही, कल उलट दिशेचाच होता. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण जास्त जीवाणू म्हणजे जास्त चांगले, या समजुतीला तो नक्कीच धक्का देतो.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा: फायदा झाला तर झाला, अपाय तर नाही ना? धडधाकट माणसाच्या बाबतीत हे बहुतांशी खरे आहे. किमो घेणाऱ्याच्या बाबतीत नाही. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी खाली येतात. त्याच वेळी आतड्याचे अस्तर विरळ झालेले असते. म्हणजे जिवंत जंतूंना रक्तात शिरायची वाट मोकळी आणि पहारेकरी गैरहजर. अशा रुग्णांच्या रक्तात प्रोबायोटिकचेच जीवाणू सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट तर हवेतूनही पसरते. छातीत पोर्ट किंवा हातात पिक लाइन, म्हणजे औषधासाठी शिरेत बसवलेली नळी, असलेल्या रुग्णाजवळ त्याची पुडी फोडली आणि तेच हात नळीला लागले, तर ते थेट रक्तात जाऊ शकते. म्हणूनच युरोपातल्या औषध नियामकांनी अत्यवस्थ आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना हे औषध देऊ नये, असे बजावले आहे. असे प्रसंग विरळ आहेत हे मान्य; पण ज्याच्या पेशी खाली गेल्या आहेत त्याला विरळ प्रसंगही परवडत नाही. प्रतिजैविकांनंतर आतडे लवकर सावरावे म्हणून प्रोबायोटिक घ्यावे, हाही सर्वमान्य समज आहे. २०१८ मध्ये सेल या नियतकालिकात आलेल्या एका लहान अभ्यासात निरोगी माणसांत उलटेच आढळले: अकरा वाणांचे मिश्रण घेणाऱ्यांचे स्वतःचे जीवाणू मूळ स्थितीला यायला अधिक उशीर लागला.

दुसरा आक्षेप घरातून येतो: मग दही-ताकाचे काय, ते तर पिढ्यान्‌पिढ्या खात आलो. खरे आहे आणि दही-ताक वाईट नाही. पण विरजणात कोणत्या जाती आहेत, किती आहेत आणि पोटातल्या आम्लातून किती जिवंत राहतात, हे कुणी मोजलेले नसते. म्हणून घरचे ताक हे अन्न आहे, प्रोबायोटिकची मात्रा नव्हे. फाइव्ह-एफयू आणि शेक या दोन्हींत दुधातली साखर पचवणारे विकर काही काळ कमी पडू शकते. तेव्हा दूध, खीर, बासुंदी, पेढे यांनी जुलाब वाढतात. दह्यात ही साखर कमी झालेली असते, म्हणून तेवढे सोसते. पेशी चांगल्या असताना उकळलेल्या दुधाचे, स्वच्छ भांड्यात लावलेले, त्याच दिवशीचे दही किंवा पातळ ताक सोसत असेल तर घ्यायला हरकत नसते. पेशी खाली असताना रस्त्याकडेचे ताक, लस्सी, उसाचा रस आणि बर्फाचा गोळा वर्ज्य समजावा. घरच्या दह्याबाबत तुमच्या रुग्णालयाचा जो नियम असेल तो पाळावा. हे नियम जागोजागी वेगळे असतात, पण आपला रुग्ण ज्यांच्या हाती आहे त्यांचा नियम आपल्याला लागू.

डॉक्टरांनी प्रोबायोटिक घ्यायला सांगितलेच, तर ते नीट घेणे हेही काम आहे. वेष्टणावर जीवाणूची जात आणि वाण, मात्रेतली संख्या आणि शेवटची तारीख पाहावी. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार प्रोबायोटिक म्हणवणाऱ्या अन्नात दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जंतू हवेत. वर सांगितलेल्या प्रयोगांतल्या मात्रा याहून कितीतरी मोठ्या, शेकडो कोटींच्या होत्या. थंड ठिकाणी ठेवा असे लिहिलेले उत्पादन मे महिन्यात जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या बसमध्ये पिशवीत तासभर तापले, की त्यातले किती जीवाणू जिवंत उरले ते कुणीच सांगू शकत नाही. ते थंड राहील अशा पिशवीतून न्यावे, नाहीतर उष्णतेत टिकणारा प्रकार डॉक्टरांकडून लिहून घ्यावा. गरम पेजेत किंवा चहात पुडी मिसळू नये. प्रतिजैविक चालू असेल तर जीवाणूंचे प्रोबायोटिक आणि प्रतिजैविकाची गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. तोंडातल्या बुरशीसाठी फ्लुकोनाझोल चालू असेल तर यीस्टची पुडी घेणे म्हणजे पैसे पाण्यात, कारण ते औषध यीस्टच मारते. पैशांचा विचारही करावा. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेतून किमो आणि शेक झाले, तरी मेडिकलमधून स्वतःहून आणलेल्या पुड्यांचा खर्च खिशातूनच जातो. तोच पैसा अंडी, डाळ आणि येण्याजाण्यावर खर्च झाला तर रुग्णाचे भले अधिक होण्याची शक्यता आहे.

कारण जुलाबात जीव वाचवणाऱ्या गोष्टी साध्या आहेत आणि त्यांचा पुरावा प्रोबायोटिकपेक्षा भक्कम आहे. पहिली, शरीरातले पाणी आणि क्षार. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम मिसळावी, अर्धी पुडी अंदाजाने टाकू नये, आणि केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे, उरले तर टाकून द्यावे. जालन्यात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते आणि घरोघरी ते टाक्या-पिंपांत साठवावे लागते. तेव्हा रुग्णाचे पिण्याचे पाणी वेगळे काढून, उकळून, झाकून ठेवणे ही कोणत्याही कॅप्सूलपेक्षा मोठी काळजी आहे. दुसरी, लोपेरामाइड. हे स्वस्त औषध किमो-शेकाच्या जुलाबात पहिल्या फळीचे मानले जाते. पण मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावी, आणि ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर स्वतःहून घेऊ नये. तिसरी, आहार. मऊ भात, मुगाचे वरण, पेज, उकडलेला बटाटा, केळे, अंडे असे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा. मोसंबी जालन्याची शान आहे आणि आजाऱ्याला भेटायला येणारे तीच घेऊन येतात. पण साखर घातलेला गोड रस आतड्यात पाणी ओढतो आणि जुलाब वाढवतो. तो पातळ करून, थोडाच द्यावा. जुलाब नसताना मात्र भीतीपोटी महिनोन्‌महिने नुसत्या भात-ताकावर ठेवू नये. इंग्लंडमध्ये ओटीपोटावर शेक घेणाऱ्या १६६ रुग्णांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तंतुमय आहार घेणाऱ्यांची पोटाची तक्रार वाढली नाही, उलट कमी राहिली.

आणखी एक गोष्ट रुग्णाच्या हाती नाही, पण त्याने विचारावी अशी आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ३०० महिलांवर एक प्रयोग झाला; त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. जुन्या पद्धतीने शेक घेतलेल्यांपैकी ४२.४ टक्के महिलांना तीन वर्षांत आतड्याचा लक्षणीय त्रास उरला. रोज प्रतिमा घेऊन, आतडे वाचवत नेमका झोत टाकणाऱ्या पद्धतीत हे प्रमाण २१.१ टक्क्यांवर आले, आणि रोगावरच्या नियंत्रणात फरक पडला नाही. आतड्याला लागणारा मार मुळातच अर्ध्यावर आणणारी ही गोष्ट आहे. तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात असो की मुंबईला, शेक ठरताना आतडे वाचवणारी पद्धत माझ्या बाबतीत शक्य आहे का, हा प्रश्न प्रोबायोटिकच्या प्रश्नाआधी विचारावा.

डॉक्टरांना वेळ नसतो, ओपीडीत शंभर माणसे असतात, मग एवढे विचारणार कधी, हा शेवटचा आक्षेप खोटा नाही. म्हणून प्रश्न घरून कागदावर लिहून न्यावेत. माझ्या उपचारात जुलाब कशामुळे होतील? माझ्या पांढऱ्या पेशी किती आहेत? पोर्ट किंवा नळी असताना प्रोबायोटिक चालेल का? चालत असेल तर कोणती जात, किती, शेकाच्या किती दिवस आधीपासून आणि केव्हा बंद करायचे? लोपेरामाइडची माझी मात्रा किती? सोबत सध्या घरात चालू असलेली प्रत्येक पुडी, काढा आणि चूर्ण पिशवीत घालून दाखवावे. वैद्यांकडून आणलेले असेल तर तेही लपवू नये. पाच मिनिटांत होण्यासारखे हे काम आहे, आणि डॉक्टर नाही भेटले तरी तिथल्या सिस्टर किंवा आहारतज्ज्ञ ते करू शकतात.

काही वेळी मात्र प्रश्न विचारत बसायचे नसते, गाडी काढायची असते. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक, शौचातून रक्त, नेहमीपेक्षा दिवसात चार-सहा वेळांहून जास्त जुलाब, लघवी कमी होणे, उभे राहताच चक्कर, उलटीमुळे ओआरएससुद्धा पोटात न टिकणे, किंवा लोपेरामाइड सुरू करून चोवीस तास झाले तरी फरक नसणे, यांतले एक जरी दिसले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रात्र असेल तर रात्रीच, आणि किमो कोणती, कधी दिली हे सांगणारी फाइल सोबत घेऊन. या वेळी घरात कोणती पुडी शिल्लक आहे याला काहीही महत्त्व नाही.

प्रोबायोटिकविरुद्ध माझे वैर नाही. ओटीपोटावर शेक घ्यायचे आहेत, पेशी चांगल्या आहेत, नळी नाही आणि डॉक्टरांनी जात व मात्रा सांगितली आहे, अशा रुग्णाने ते आठवडाभर आधी सुरू करावे. त्याला फायदा होण्याची शक्यता खरी आहे. बाकीच्यांनी दुकानात जाण्याआधी फाइल घेऊन डॉक्टरांकडे जावे, आणि घरात ओआरएसच्या चार पुड्या, एक थर्मामीटर व रुग्णालयाचा फोन नंबर आजच आणून ठेवावा.